पिशवीवरचं बोंड कोणी काढलं? उपयोजित कलेचं कॉलेज निवडताना

मृगाचा पाऊस तोंडावर आला की जालन्याच्या मोंढ्यात बियाण्यांच्या दुकानांत कापसाच्या पिशव्या मांडल्या जातात. पिशवीच्या दर्शनी बाजूला फुटलेलं बोंड असतं, शेतात कधी दिसणार नाही इतकं मोठं आणि पांढरंशुभ्र. त्यावर वाणाचं नाव, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. मागच्या बाजूला उगवणशक्ती, शुद्धता, लॉट क्रमांक, तपासणीची तारीख, वैधता असा बारीक मजकूर. ही माहिती कायद्यानं द्यावीच लागते. लेबलाचा रंगसुद्धा ठरलेला असतो: पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणित बियाण्याला निळा आणि सत्यतादर्शक बियाण्याला हिरवा. इतकं सगळं एका पिशवीवर बसवायचं आणि तरीही घाईत आलेल्या शेतकऱ्याला हवं ते वाण लांबून ओळखू आलं पाहिजे. हे आपोआप होत नाही. कोणीतरी बसून ते बेतलेलं असतं.

जालना ही बियाण्यांची पेठ. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे ‘महिको’ सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दुसरी ओळख पोलादाची. इथल्या रोलिंग मिलमध्ये तयार होणाऱ्या सळ्यांची नावं गावोगावच्या भिंतींवर रंगवलेली दिसतात. म्हणजे ज्या जिल्ह्यात ‘ग्राफिक डिझायनर’ हा शब्द फारशा घरांत उच्चारला जात नाही, तिथला माणूस त्याचं काम मात्र रोज बघतो. तरीही दहावी-बारावीतलं पोर म्हणालं, ‘मला चित्रकलेत पुढे शिकायचंय,’ की घरात पहिला प्रश्न उठतो तो पोटापाण्याचा आणि दुसरा, ‘चांगलं कॉलेज कुठलं?’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा क्रम उलटा पडतो. बहुतेक घरांत कॉलेजचं नाव आधी ठरतं, मग तिथे कोणता अभ्यासक्रम आहे ते कळतं आणि मुलाला नेमकं कोणतं काम करायचं आहे हे तिसऱ्या वर्षाला लक्षात येतं. शहाणपणाचा क्रम असा: आधी काम, मग अभ्यासक्रम, मग त्याची प्रवेश परीक्षा आणि सर्वांत शेवटी कॉलेज. हा लेख त्याच क्रमानं जातो.

चित्र काढणं आणि मजकूर मांडणं

पिशवीवर दोन वेगळी कामं झालेली आहेत. बोंडाचं चित्र हे इलस्ट्रेटरचं काम, म्हणजे बोधचित्रकाराचं. त्याला वस्तू, माणूस, प्रसंग रेषेतून आणि रंगातून सांगता यायला हवा. वाणाच्या नावाचं अक्षर, त्याचा आकार, मागचा मजकूर कसा लावायचा, रंग किती वापरायचे, छपाईत काय टिकेल, हे ग्राफिक डिझायनरचं काम. तो चित्र स्वतः काढेल किंवा दुसऱ्याकडून काढून घेईल. त्याची जबाबदारी सगळ्या पानाची असते.

मराठी वाचकाला दोन्ही कामांची ओळख जुनी आहे. शि. द. फडणीसांची शब्दाविण चित्रं ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवर गाजली. याच फडणीसांनी शाळेच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठीही चित्रं काढली आणि बेरीज-वजाबाकीला हसू आणलं. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केलं आणि दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाकडे बघण्याची सवय लावली. ही चित्रकारांची बाजू. दुसऱ्या बाजूला कमल शेडगे. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कितीतरी शीर्षकं त्यांच्या हातची. नाटकाचा स्वभाव ते नुसत्या अक्षराच्या वळणातून सांगत.

मुलाचा कल ओळखायला मोठी चाचणी लागत नाही. ते वहीच्या मार्जिनमध्ये माणसं, बैल, चेहरे काढत बसतं का? की स्नेहसंमेलनाचा फलक, गणेश मंडळाची पावती, मित्राच्या दुकानाची पाटी यांत रमतं? कोणत्या कामात त्याला वेळेचं भान राहत नाही? पहिला कल चित्राकडे, दुसरा मांडणीकडे. काहींना दोन्ही आवडतं आणि पहिल्या वर्षी दोन्ही करून बघायची संधी मिळतेही. आपल्याकडे हे दोन्ही विषय बहुधा ‘उपयोजित कला’ या एकाच छत्राखाली शिकवले जातात. त्यामुळे छत्र एकच असलं तरी एखाद्या कॉलेजात त्यातलं काय जोरात आहे, हे वेगळं विचारावं लागतं.

दोन परंपरा, दोन तऱ्हेच्या परीक्षा

बीएफए आणि बी.डिझाइन या दोन पदव्यांमध्ये फरक काय, हा पालकांचा नेहमीचा गोंधळ. तो फरक त्यांच्या जन्मकथेत आहे.

सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत १८५७ साली कलाशाळा सुरू झाली, तीच आजची जे.जे. कारागिरांना रेखांकन शिकवावं हा सुरुवातीचा हेतू होता. या शाळेचा मराठवाड्याशी फार लवकर संबंध आला. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात जे.जे.चे विद्यार्थी अजिंठ्याला येऊन भित्तिचित्रांच्या नकला करत होते. तापलेल्या दरीत, अंधाऱ्या लेण्यांत, अनेक हंगाम हे काम चाललं. पुढे याच शाळेतून महादेव विश्वनाथ धुरंधर आले. त्यांनी पुस्तकांसाठी, पोस्टकार्डांसाठी, भित्तिपत्रकांसाठी अमाप चित्रं काढली. किंकेड यांच्या १९१४ सालच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’मध्ये आपल्या कहाण्यांना त्यांचीच चित्रं आहेत. १९३५ साली जे.जे.त व्यापारी कलेचा विभाग सुरू झाला, कारण मुंबईत गिरण्या, वृत्तपत्रं आणि सिनेमा यांना जाहिराती हव्या होत्या. १९५८ साली या विभागाची स्वतंत्र संस्था झाली. उपयोजित कलेची बीएफए पदवी या घराण्यातली. तिचा पाया हाताने काढलेलं चित्र.

दुसरं घराणं स्वातंत्र्यानंतरचं. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्यानं १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यावर आधारित ‘राष्ट्रीय डिझाइन संस्था’, म्हणजे एनआयडी, १९६१ साली अहमदाबादला उभी राहिली. १९६९ साली आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजे आयडीसी, सुरू झालं. या घराण्याचा पाया म्हणजे प्रश्न. आधी वापरणाऱ्याची अडचण शोधायची, मग तिच्यावर उपाय बेतायचा. चित्र हे त्यातलं एक साधन. रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० साली देशानं स्वीकारलं. ते करणारे डी. उदय कुमार आयडीसीतून घडलेले.

आता परीक्षा पाहिल्या की फरक उघड होतो. बीएफएसाठी राज्याची एमएएच-एएसी सीईटी असते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान. ज्यानं शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दिली आहे त्याला यातले तीन विषय तोंडओळखीचे असतात. म्हणून या ग्रेड परीक्षांकडे नुसतं दहावीच्या वाढीव गुणांसाठी बघू नये. इंटरमीजिएटच्या ए श्रेणीला ७, बी ला ५ आणि सी ला ३ गुण मिळतात हे खरं, पण भूमिती आणि अक्षरलेखन हे त्यातले पेपर पुढच्या सगळ्या शिक्षणाची बाराखडी आहेत.

आयआयटीतल्या बी.डिझाइनसाठी यूसीईईडी, तर एनआयडीसाठी त्यांची स्वतःची डॅट परीक्षा. यूसीईईडीचा एक भाग संगणकावर असतो आणि दुसरा कागदावर चित्रांचा. घडी उलगडली तर आकार कसा दिसेल, फिरवली तर वस्तू कशी दिसेल, रोजच्या वापरातली एखादी गोष्ट तशीच का असते, असे प्रश्न येतात. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेतून बारावी करणाऱ्याला ती देता येते. फक्त हे लक्षात घ्यावं की सुंदर वस्तुचित्र काढणारं मूल इथे अडखळू शकतं आणि बेताचं चित्र काढणारं पण चौकस मूल पुढे जाऊ शकतं. दोन्ही परीक्षा द्याव्यात, पण तयारी वेगवेगळी करावी.

तीन दारं

पहिलं दार दहावीनंतरचं. राज्याच्या कला संचालनालयाच्या अखत्यारीत पदविका अभ्यासक्रम चालतात: एक वर्षाचा फाउंडेशन आणि त्यानंतर उपयोजित कलेची पदविका. इथेच एक घोटाळा होतो. आपल्या गावांत ‘चित्रकला शिकलेला’ म्हणून जो माणूस ठाऊक असतो तो शाळेतला ड्रॉइंगचा मास्तर. त्यामुळे सल्ला मिळतो, ‘एटीडी करून टाक.’ एटीडी ही कला शिक्षक पदविका आहे. शाळेत शिकवायचं असेल तर तीच वाट बरोबर. मुखपृष्ठं, पॅकेजिंग, जाहिराती करायच्या असतील तर ती आडवाट ठरते.

दुसरं दार बारावीनंतरची चार वर्षांची बीएफए. पहिलं वर्ष पायाभूत, नंतर विषय ठरतो. चित्रकला, शिल्पकला, वस्त्रकला, उपयोजित कला अशा शाखा असतात. आपल्याला लागतं ते उपयोजित कलेत. तिथेही शेवटच्या वर्षांत इलस्ट्रेशन, टायपोग्राफी, फोटोग्राफी, संगणकीय ग्राफिक्स अशांतून विशेष विषय निवडायचा असतो आणि प्रत्येक कॉलेजात ते सगळेच शिकवले जातात असं नाही.

तिसरं दार बारावीनंतरची बी.डिझाइन. आयआयटी मुंबईत ती २०१५ सालापासून आहे. एनआयडीचं पदवी शिक्षण अहमदाबादबरोबरच आंध्र प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेश आणि आसाम इथल्या संस्थांतही मिळतं. खासगी विद्यापीठांतूनही ती आता मोठ्या प्रमाणावर निघाली आहे.

या तिन्हींच्या शेजारी गल्लीबोळांत आणखी बरीच दारं उघडलेली दिसतात: सहा महिन्यांत ग्राफिक डिझाइन, वर्षात ॲनिमेशन. त्यांतून सॉफ्टवेअर शिकता येतं आणि फ्लेक्सच्या दुकानात काम मिळायला ते पुरतंही. पण ते पदवीचं शिक्षण नव्हे. तिथे पैसे भरण्याआधी एक प्रश्न स्पष्ट विचारावा: शेवटी मिळणाऱ्या कागदावर सही कोणत्या विद्यापीठाची किंवा शासकीय मंडळाची असेल? उत्तर गोल गोल आलं तर उठून यावं.

जालन्याहून कुठे?

सर्वांत जवळचं सरकारी कला महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला, सुमारे साठ किलोमीटरवर. बदनापूरच्या मुलाला तर ते आणखी जवळ. या जवळिकीची किंमत कमी लेखू नये. घरून किंवा स्वस्त खोलीत राहून शिकता येतं, फी सरकारी आणि ‘लोकमत’, ‘दिव्य मराठी’, ‘सकाळ’ यांच्या आवृत्त्या त्याच शहरात असल्यानं पानं लावणाऱ्या माणसांच्या जगाशी ओळख होऊ शकते. विदर्भाच्या बाजूला नागपूरचं सरकारी महाविद्यालय आहे.

मुंबईत जे.जे. आहेच. २०२३ सालापासून तिथली कला, उपयोजित कला आणि वास्तुकला ही तिन्ही अंगं एका अभिमत विद्यापीठात आली आहेत. त्यामुळे तिथल्या प्रवेशाची पुस्तिका स्वतंत्रपणे वाचावी. राज्यातल्या इतर कॉलेजांचे नियम जसेच्या तसे गृहीत धरू नयेत. शिवाय मुंबईत रहेजा आणि रचना संसद, पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आणि भारती विद्यापीठ अशी जुनी नावं आहेत. महाराष्ट्राबाहेर बघायचं तर बडोद्याची ललित कला विद्याशाखा १९५० साली सुरू झालेली, आणि पणजीला गोवा कला महाविद्यालय आहे.

मुंबई-पुण्याचा फायदा वर्गाबाहेर असतो. जाहिरात संस्था, प्रकाशक, छापखाने, प्रदर्शनं चालत जाण्याच्या अंतरावर असतात आणि उमेदवारीचं पहिलं काम तिथूनच मिळतं. तोटा खर्चाचा. चार वर्षं खोलीभाडं, डबा, लोकल. ज्या घराला ते झेपणार नाही त्यानं संभाजीनगरला पदवी करावी आणि सुट्टीतली उमेदवारी मुंबई-पुण्याला. हे दुय्यम समजायचं कारण नाही. नियोजन नीट असेल तर चार वर्षांनंतर हातात काम तेवढंच चांगलं असतं.

कॉलेज कसं पारखावं

माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नये. इमारतीवर तर मुळीच नको. कॉलेज पारखायचं ते तिथल्या मुलांच्या कामावरून. बहुतेक कला महाविद्यालयांचं वार्षिक प्रदर्शन असतं आणि ते बघायला कोणीही जाऊ शकतं. कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनातही विद्यार्थी विभाग असतो. तिथे कोणत्या कॉलेजचं काम लागलं आहे हे दोन-तीन वर्षं बघितलं की पुष्कळ कळतं.

प्रदर्शनात काय बघायचं? चाळीस मुलांचं काम एकसारखं दिसत असेल तर तिथे सरांचा हात शिकवला जातोय. कामं वेगवेगळी दिसत असतील, पण प्रत्येकाच्या रेखांकनात पाया पक्का असेल, तर तिथे शिक्षण होतंय. सगळ्या जाहिराती शीतपेयांच्या आणि परदेशी बुटांच्या असतील तर विचार करावा. एखाद्यानं एसटीचं वेळापत्रक, दवाखान्यातल्या सूचना किंवा खताच्या पोत्याची मांडणी नव्यानं केली असेल तर थांबून बघावं. विद्यार्थ्याला विचारावं, ‘हे अक्षर इथेच का ठेवलं?’ ‘छान दिसतं म्हणून’ हे उत्तर पहिल्या वर्षाला चालतं, चौथ्या वर्षाला नाही.

दुसरी कसोटी देवनागरीची, आणि मराठी मुलासाठी ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डिझाइनची बहुतेक पुस्तकं रोमन अक्षरांवर लिहिलेली. रोमनमध्ये अक्षरं एका रांगेत शेजारी शेजारी उभी राहतात. आपल्या लिपीत शिरोरेषा आहे, तिच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. म्हणजे दोन ओळींत अंतर जास्त लागतं. जोडाक्षरं आली की रुंदी बदलते. रोमनसाठी बेतलेल्या चौकटीत मराठी मजकूर कोंबला की मात्रा वरच्या ओळीला टेकतात. गावोगावच्या फ्लेक्सवर हे रोज दिसतं. इनडिझाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची ‘वर्ल्ड-रेडी’ रचना निवडली नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. हे ज्या कॉलेजात शिकवत नाहीत तिथला पदवीधर इंग्रजी पोस्टर देखणं करेल आणि मराठी पत्रिकेला घाबरेल.

या विषयात महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले खिळे आजही नमुना मानले जातात. बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा त्रिखंडी ग्रंथ १९७१ साली निघाला. जे.जे.त शिकलेले र. कृ. जोशी पुढे आयडीसीत शिकवत होते. विंडोज संगणकांवर वर्षानुवर्षं दिसत आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. अच्युत पालवांनी मोडीचा अभ्यास करून सुलेखन लोकांपर्यंत नेलं आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मुंबईच्या ‘एक टाइप’ गटानं केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट आज कोणालाही फुकट वापरता येतात. कॉलेजात गेल्यावर सहज विचारावं: इथे देवनागरी टायपोग्राफी कोण शिकवतं? उत्तरात माणसाचं नाव यायला हवं.

तिसरी कसोटी छपाईची. पडद्यावरचा भगवा कागदावर विटकरी का होतो, हे चार रंगांच्या छपाईत उभं राहिल्याशिवाय समजत नाही. मुलं छापखान्यात जातात का, स्वतःचं काम छापून बघतात का, हे विचारावं. चौथी कसोटी शिक्षकांची. किती कायम आहेत, किती तासिका तत्त्वावर, बाहेर काम करणारे चित्रकार-डिझायनर शिकवायला येतात का? सरकारी कॉलेजांतही कायम शिक्षकांची पदं रिकामी राहिलेली असू शकतात; नाव जुनं म्हणून वर्ग भरलेला असेलच असं नाही. पाचवी, मागच्या तीन वर्षांतली मुलं आता काय करतात? ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या आकड्यापेक्षा पाच मुलांची नावं आणि त्यांची कामं बघायला मिळणं जास्त उपयोगाचं.

पैशाचा हिशेब

सरकारी कॉलेजची वर्षाची फी काही हजारांत असते, खासगी डिझाइन विद्यापीठांची काही लाखांत, आणि एनआयडी-आयआयटी सरकारी असूनही स्वस्त नाहीत. फीशिवाय कागद, रंग, प्रिंट, सहली आणि कधीतरी चांगला लॅपटॉप हा खर्च वेगळा. तो पहिल्या दिवशी सांगत नाहीत. लॅपटॉप पहिल्या वर्षी घाईनं घेऊ नये. पायाभूत वर्षात हात जास्त चालतो आणि दुसऱ्या वर्षापर्यंत नेमकं काय लागेल ते कळतं.

सवलती आहेत, पण त्यांना अटी आहेत. महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर कला संचालनालयाच्या अभ्यासक्रमांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात त्याला पात्र ठरणारी घरं पुष्कळ आहेत. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे. मात्र ती शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशालाच. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं आणि व्यवस्थापन कोट्यातल्या जागा तिच्याबाहेर आहेत. ‘आमच्याकडे सगळ्या सवलती मिळतात’ असं खासगी विद्यापीठाच्या खिडकीवर ऐकलं तर ते लिहून मागावं.

केंद्रीय संस्थांचा नियम आणखी वेगळा. तिथे इतर मागासवर्गासाठी केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागतं आणि राज्यातलं एसईबीसी आरक्षण लागू होत नाही. अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या परीक्षांच्या आधीच भरायचे असतात. तहसीलमधले कागद उन्हाळ्यात नव्हे, दिवाळीपूर्वी तयार असावेत.

वही घराजवळच भरते

प्रवेशासाठी असो वा मुलाखतीसाठी, स्वतःच्या कामाची वही लागते. क्लासमधल्या मुलांच्या वह्यांत तेच ते सफरचंद, तीच सुरई, तोच नट. परीक्षकाला वेगळं काही दिसलं तर तो पान उलटायचा थांबतो. जालन्याच्या मुलाकडे ते वेगळं आयतं आहे: मोंढ्यातले हमाल, मोसंबीच्या बागेतली तोड, रोलिंग मिलमधून बाहेर येणारी लालभडक सळई आणि तिच्या उजेडातले चेहरे, अंबडच्या बाजारातल्या पाट्या. फोटोवरून नव्हे, उभं राहून, पटापट. हलणारा माणूस दोन मिनिटांत कागदावर पकडता येणं ही इलस्ट्रेटरची पहिली कमाई.

आणि भोकरदनला लागलेला सिल्लोड तालुका ओलांडला की अजिंठा. सहलीत आपण ते ‘प्राचीन चित्रं’ म्हणून बघून येतो. बोधचित्रकारानं ते गोष्टीची चित्रं म्हणून बघावं. सतराव्या लेण्यातलं विश्वंतर जातक घ्या. दानशूर राजपुत्राची लांबलचक कथा भिंतीवर मांडायची, तर चित्रकारांनी आजच्या कॉमिक्ससारख्या चौकटी पाडल्या नाहीत. अजिंठ्यात प्रसंग पुष्कळदा काळाच्या क्रमापेक्षा ठिकाणाप्रमाणे लावलेले दिसतात: राजवाड्यात घडलेलं एकीकडे, अरण्यात घडलेलं दुसरीकडे, आणि तेच पात्र पुन्हा पुन्हा येत राहतं. बघणाऱ्याची नजर कुठून कुठे जाईल, एका प्रसंगातून दुसऱ्यात जायला खांब, दरवाजा किंवा वळलेली मान कशी वापरली, हे पेन्सिलनं उतरवून बघावं. पानाची मांडणी शिकायला याहून मोठी शाळा देशात नाही, आणि जे.जे.च्या मुलांना दीडशे वर्षांपूर्वी ती मुंबईहून गाठावी लागली होती.

प्रवेश मिळालाच नाही तर

जागा थोड्या, अर्ज फार. चांगलं मूलही पहिल्या खेपेला राहतं. आर. के. लक्ष्मण यांना जे.जे.नं प्रवेश नाकारला होता. त्यांच्या चित्रांत आवश्यक ती गुणवत्ता दिसत नाही असं कळवलं होतं. पुढे त्या कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर, ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कचेरीत बसून त्यांनी ‘कॉमन मॅन’ काढला. वसंत सरवटे पेशानं स्थापत्य अभियंते. नोकरी करत त्यांनी व्यंगचित्रं काढली आणि पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांना दिलेली त्यांची चित्रं मजकुराइतकीच लक्षात राहिली.

ही उदाहरणं सांगून कॉलेजची गरज नाही असा निष्कर्ष काढणं मात्र चुकीचं होईल. लक्ष्मण आणि सरवटे रोज काढत होते आणि त्यांचं काम रोज छापणारी, सुधारायला लावणारी माणसं त्यांना भेटली. कॉलेज जे देतं ते हेच: रोज काढण्याची सक्ती, ते बघून चूक दाखवणारे डोळे, आणि बरोबरीनं धडपडणारी चाळीस पोरं. हे तिन्ही जिथे मिळतं ते कॉलेज चांगलं, मग ते मुंबईच्या फोर्टात असो की संभाजीनगरला. हे मिळत नसेल तर मोठं नाव आणि मोठी फी दोन्ही वाया.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी मुलाला घेऊन एक तरी प्रदर्शन बघावं आणि चौथ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांशी बोलावं. ‘नोकरी लागते का?’ हे विचाराच, पण त्याआधी ‘या वर्षात तुझं कोणतं काम सरांनी परत करायला लावलं, आणि का?’ हे विचारा. ज्याला हे लगेच सांगता येतं त्याच्या कॉलेजात शिकवणं चालू आहे, असं समजायला हरकत नाही.